कोकणात वणवा विझवतं कोण?

फेब्रुवारी लागला की सड्यावरचं, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावरचं, गवत वाळून पिवळं पडतं. मग एखाद्या रात्री समोरच्या डोंगराला लाल किनार दिसते. आंबा तेव्हा सुपारीएवढा असतो, काजूला बोंडू धरलेले असतात. वाडीतून कुकारा (मोठ्याने हाक) जातो, हल्ली त्याच्या जोडीला व्हॉट्सॲपवर फोटोही. अशा वेळी १०१ फिरवणारा माणूस विरळाच. माणसं कोयती घेऊन निघतात, वाटेत ऐन-किंजळीचे हिरवे डहाळे तोडतात आणि वर चढतात. यांना कोणी नेमलेलं नाही, गणवेश नाही, रजिस्टरही नाही. तरी कोकणातली बहुतेक रानं वाचतात ती यांच्यामुळे. हे काम वाडीच्या अंगावर का आलं, ते पाहायचं तर कायदा, जमिनीची मालकी आणि गवत या तिन्हींकडे बघावं लागतं.

कायद्यापासून सुरुवात करू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन सेवा स्पष्ट लिहिली गेली. त्याच वर्षीच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तिच्यात २९ विषय आहेत: शेती, पाणी, रस्ते, अगदी ग्रंथालयंसुद्धा. आग मात्र नाही. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, पण त्याचा रोख इमारतींवर. डोंगरउतारावरची काजूची बाग त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

म्हणून बंब आहेत ते रत्नागिरी-चिपळूणसारख्या शहरांत आणि लोट्यासारख्या एमआयडीसीत. (बंब हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यावरून आला असं सांगतात. आपल्याकडे त्याच शब्दाने आग विझवणारी गाडीही ओळखली जाते आणि पोटात विस्तव घेऊन अंघोळीचं पाणी तापवणारं तांब्याचं भांडंही. कोकणी माणसाला दुसरा बंब जास्त जवळचा.) गाडी तीस-चाळीस किलोमीटर घाट वळत आली तरी ती डांबरी रस्त्यावरच थांबणार. जांभ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, ती चढत नाही, आणि वर सड्यावर पाण्याचा थेंब नसतो.

मग वनखातं? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम ७९ आहे. राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांना हक्क आहेत, लाकूडफाटा न्यायची वा गुरं चारायची परवानगी आहे, त्यांनी लागलेला वणवा विझवायला मदत करणं बंधनकारक आहे, असं ते सांगतं. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला याला अर्थ आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतांश रानं मालकीची आहेत, सरकारी जंगल नावापुरतं. मालकीच्या रानाला आग लागली तर वनरक्षक माणुसकीने येतो, पण ते रान त्याच्या नकाशावर नसतं. नगरपालिकेची हद्द खाली संपते, वनखात्याची वर सुरू होते. मधल्या साऱ्या पट्ट्याला वालीच नाही.

तिथे गावकी होती. देवळाची शाकारणी, पालखी, विहिरीचा उपसा, मयत या सगळ्याला गावकीचा एकच नियम: घरटी एक माणूस. न येणाऱ्याला दंड किंवा निदान बोलणी. आग त्याच यादीतली. तेव्हाची मोठी भीती डोंगराची नव्हती, घराची होती. छपरं गवताची नाहीतर माडाच्या झापांची, अंगणात पेंढ्याची उडवी, शेजारी गोठा, आणि शिमग्याचे दिवस. एक ठिणगी उडाली तर अख्खी वाडी जायची. म्हणून विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून घागरी-हंडे हातोहात पोचवायचे, आणि जळत्या घराशेजारच्या घराचं गवत आकड्याने ओढून काढायचं, ही रीतच होती.

हे चित्र कौलांनी बदललं. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौलं गलबतांतून किनाऱ्यावर उतरू लागली. गवताच्या छपरांची जागा हळूहळू कौलांनी घेतली. घरं सुरक्षित झाली, पण छपरासाठी दरवर्षी कापलं जाणारं गवत उभं राहू लागलं. गुरांना ते लागायचं, तोवर ठीक होतं. पुढे बैलांच्या जागी पॉवर टिलर आला, दूध पिशवीतून येऊ लागलं, गोठे रिकामे झाले. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी पिकायची, तीही थांबली. ज्या उतारावर आजोबांच्या काळी डिसेंबरात फक्त खुंट दिसायचे, तिथे आज कमरेएवढं वाळलेलं गवत मे महिन्यापर्यंत उभं असतं. वणवे वाढले म्हणून बिडी ओढणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. बिडी पूर्वीही ओढत होतेच की. तिला पेटवायला इतकं गवत नव्हतं.

कारणं बाकी ठरलेली. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं ही समजूत, शिकारीसाठी लावलेली आग, विजेच्या तारांच्या ठिणग्या, आणि भाजावळ. भाताचा तरवा (रोपं) पेरण्याआधी त्या तुकड्यावर शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा पसरून भाजतात. पहाटेच्या गारव्यात, चारी बाजूंचं गवत काढून, माणूस उभा ठेवून भाजलं तर धोका नाही. दुपारी एकट्या म्हाताऱ्याने पेटवलं की वारा ते उचलतो.

नुकसानीचा हिशेब बदलला तो १९९० नंतर. राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, लागवडीला शंभर टक्के अनुदान दिलं, आणि पड उतारांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या काजूच्या जाती वाडीवाडीत पोचल्या. पूर्वी डोंगर जळला तर गवत जायचं आणि पावसाळ्यात परत यायचं. आता आठ-दहा वर्षांची कलमं जातात, त्यांच्यासोबत ठिबकचे पाइप वितळतात. फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर चालतो. वणवा त्या आकड्यांत बसत नाही.

विझवण्याची विद्या मात्र वाडीने जपली आहे, आणि ती वाऱ्याची विद्या आहे. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो आणि आगीला डोंगर चढवतो. तेव्हा तोंडावर जाणारा वेडा. अनुभवी माणूस बाजूने जातो, जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर पाय ठेवून कडेची आग डहाळ्याने झोडपत पुढे सरकतो. डहाळा उचलून आपटायचा नाही, दाबून फिरवायचा. आपटला की ठिणग्या उडतात. संध्याकाळी खारा वारा पडतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारी मतलई सुटेपर्यंत मध्ये थोडा निवांतपणा असतो. खरं काम त्या वेळात होतं. गडगा (दगडी कुंपण), पायवाट, वहाळ (ओढा) अशी जिथे आग अडेल ती रेघ आधी धरायची. अडत नसेल तर तिच्या पुढचं गवत आपणच काढायचं किंवा जाळून टाकायचं. यासाठी डोकं शांत लागतं. आंब्याच्या फवारणीचा जोराच्या दाबाचा एचटीपी पंप आणि पिकअपवर पाण्याची टाकी, ही अलीकडची भर. रस्त्यालगत ती उपयोगी पडते, वर पुन्हा डहाळाच.

अडचण माणसांची आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली, आणि दर हजार पुरुषांमागे बायका होत्या ११२२. याचा अर्थ डोंगरावर गेलं की कळतो. डहाळे घेऊन उभ्या असतात त्या बायका आणि साठी ओलांडलेले बाप्ये. तरुण मुंबईला. याच चाकरमान्यांच्या मुंबईत १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. कोकणात तो दिवस नेमका वणव्याच्या हंगामात पडतो.

सरकारी स्वयंसेवकांच्या योजना आल्या, नाही असं नाही. होमगार्ड तर याच मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये उभा राहिला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ सुरू केली. तिचा जन्म पुरासाठी झाला, आणि वणवा तिच्या कडेलाच राहिला. आकाशातूनही नजर आहे. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देतं. त्यातल्या सुधारित उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरचा. आपली बाग असते वीस गुंठ्यांची.

म्हणून शहाण्या वाड्या आग लागायची वाट बघत नाहीत. दिवाळीनंतर बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची कापणी, करतात, रस्त्याकडेचा आणि बागांच्या हद्दीचा पट्टा मोकळा करतात. घरटी एक माणूस येतो, ज्याचा माणूस मुंबईत आहे तो ग्रासकटरचं भाडं पाठवतो. काम अडतं ते दुसरीकडेच. पट्टा ज्या जमिनीतून जायचा तिच्या सातबारावर वीस-बावीस नावं. निम्मे वारलेले, बाकीचे ठाणे-विरारला, आपसात बोलत नाहीत. गवत कापू का, हे विचारायचं कुणाला? न विचारता कापलं तर उद्या ‘हद्दीत शिरलात’ म्हणून नोटीस. मग गडग्याच्या अलीकडे सगळं साफ होतं आणि पलीकडचं गवत तसंच उभं राहतं.