मावळतीच्या भिंतीवर तोंडली

गोव्यात पर्वरीतल्या एका नव्या इमारतीचं माहितीपत्रक परवा हाती आलं. ‘हिरवी भिंत, नैसर्गिक एसी!’ भिंतीवर लावलेल्या झाडांची पानं पाणी बाहेर टाकतात, म्हणून घर थंड राहतं, असं त्यात म्हटलंय. शास्त्र खरं आहे, पण ते नागपूरला जास्त शोभेल.

पर्णरंध्रांतून एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती पान आणि भोवतालची हवा पुरवतात, म्हणून निवतात. पण वाफेला हवेत जागा हवी ना! ३३ अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम ३६ ग्रॅम वाफ मावते. आपल्याकडे मे महिन्यात आर्द्रता ७० टक्के धरली, तर २५ ग्रॅम आधीच भरलेली. जागा उरली ११ ग्रॅमची. नागपूरला ४४ अंशांना ६२ ग्रॅम मावते. आर्द्रता २० टक्के धरली, तर ५० ग्रॅमची जागा रिकामी. आपला घाम वाळत नाही, तीच पानाची अडचण. (उन्हात पान हवेपेक्षा तापतं, म्हणून त्यातून वाफ बाहेर पडणं अगदीच थांबत नाही.)

मग गोव्यात वेल कशाला? सावलीसाठी. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते. त्यातली बरीच पान शोषतच नाही. जी शोषतं तिने पान तापतं, पण पातळ असल्यामुळे वाऱ्याने लगेच निवतं. चिऱ्याची जाड भिंत मात्र दुपारचं ऊन साठवून रात्री खोलीत सोडते. नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा.

पणजीचा अक्षांश साडेपंधरा. मेच्या सुरुवातीला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टपर्यंत उत्तरेकडे राहतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. वास्तुवाले मनी प्लँट आग्नेयेला लावायला सांगतात. ऊन त्यांना विचारून येत नाही.

पावसाळ्याचं काय? चिरा सच्छिद्र, त्याला वेल चिकटली की ओल धरते. म्हणून आम्ही मावळतीच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून तारा ओढल्या आणि तोंडली चढवली. भाजीही निघते.

पत्रकातल्या भिंतीला पंप लागतो, ठिबकच्या नळ्या लागतात. आणि नकाशा पाहिला, तर ती आहे दक्षिणेला.