क्लिप विंग कब आणि तिचं रिस्टोरेशन

क्लिप विंग कब म्हणजे पायपर जे-३ कब या जुन्या अमेरिकन दोन सीटर विमानाचे पंख कापून बनवलेलं कसरतीचं हलकं विमान. मूळ कबच्या पंखांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ३५ फूट ३ इंच असतो, आणि कापल्यावर तो साधारण साडेअठ्ठावीस फूट उरतो. कंपनीने असं विमान कधी बनवून विकलं नाही, जी काही आहेत ती लोकांनी आपापल्या हँगरमध्ये, गॅरेजमध्ये, जुन्या कब विकत घेऊन एकेक करून बनवलेली. त्यामुळे अशी दोन विमानं शेजारी उभी केली तर ती अगदी सारखी निघणं कठीण, आणि रिस्टोरेशन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की समोर जे उभं आहे ते नेमकं कोणी, कधी आणि किती नीट कापलंय.

मूळ कब

कबचा जन्म पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावचा. सी. जी. टेलर यांनी तिथे १९३० मध्ये ई-२ नावाचं छोटं विमान काढलं, त्यावर आधी जे इंजिन बसवलं त्याचं नाव टायगर किटन, म्हणजे वाघाचं पिल्लू, म्हणून कंपनीतल्या गिल्बर्ट हॅड्रेल यांनी विमानाचं नाव कब, म्हणजे बछडा, ठेवावं असं सुचवलं. ते इंजिन एवढं दुबळं निघालं की विमान धड वर चढेना, इंजिन बदललं पण नाव मात्र टिकलं. पुढे कंपनी विल्यम पायपर यांच्या हातात गेली, १९३७ मध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्याला आग लागली आणि सगळा पसारा लॉक हेवन गावातल्या एका बंद पडलेल्या रेशीम गिरणीत हलवला गेला. जे-३ हे मॉडेल तिथूनच निघालं. १९४७ पर्यंत लष्करी एल-४ धरून जवळपास वीस हजार विमानं तयार झाली, आणि महायुद्धाआधी अमेरिकेने कॉलेजच्या पोरांना विमान शिकवायचा जो सरकारी कार्यक्रम काढला त्यात शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला हात कबवरच बसला.

विमान अगदी साधं. स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यावर कापड, नाकात ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन, पायलटसमोर १२ गॅलनची पेट्रोलची टाकी. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, प्रोपेलर हातानेच फिरवायचा. पेट्रोल किती उरलंय ते कळायला टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असते, खाली तिला बुचाचा तुकडा लावलेला असतो, पेट्रोल संपत जाईल तशी तार खाली खाली जाते. एकटं उडवायचं असेल तर मागच्या सीटवर बसायचं, नाहीतर वजनाचा तोल बिघडतो. रिकामं वजन साधारण ३४५ किलो. रंग पिवळा, बाजूला काळा विजेसारखा पट्टा, आजही विमानप्रेमी लोक या पिवळ्याला लॉक हेवन यलो म्हणूनच ओळखतात.

पंख का कापायचे

युद्ध संपल्यावर जुन्या कब स्वस्तात मिळायला लागल्या आणि एअर शोचे दिवस पुन्हा आले. कब लूप (हवेत उभा गोल) मारते, स्पिन (गिरक्या घेत खाली येणं) मारते, पण रोल (आपल्याच लांबीभोवती गोल फिरणं) मारायला लागलं की लांब पंखांमुळे फार आळशी वाटते. कारण असं की विमान स्वतःभोवती फिरायला लागलं की खाली जाणारा पंख हवेला जास्त कोनात भिडतो आणि फिरण्याला विरोध करतो, हा विरोध पंखाच्या टोकाकडे सगळ्यात जास्त, कारण टोक सगळ्यात वेगाने खालीवर होत असतं. पंख आखूड केला की हा विरोध झपाट्याने कमी होतो, शिवाय दूरवर लटकलेलं वजनही आत येतं, आणि पायलटच्या हातातली स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, तेवढीच हलवली तरी विमान चटकन फिरतं. पंखाच्या स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब मुख्य दांड्यावर, येणारा वाकवणारा जोरही कमी होतो, म्हणजे कसरतीत सांगाड्यावर ताण कमी.

पण फुकट काहीच मिळत नाही. पंखाचं क्षेत्रफळ १७८ चौरस फुटांवरून साधारण १४३ वर येतं, म्हणजे प्रत्येक चौरस फुटावर पावणेसात पौंडांच्या जागी साडेआठ पौंड भार येतो, स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाही तो, ताशी ३८ मैलांवरून ४२ च्या आसपास जातो. पंख आखूड झाला की कमी वेगात लिफ्ट (वर उचलणारा जोर) तयार करताना लागणारा ड्रॅग (मागे ओढणारा जोर) हिशोबाने दीडपट होतो, त्यामुळे चढताना विमान धापा टाकतं. म्हणूनच क्लिप विंगमध्ये बहुतेक वेळा ६५ चं इंजिन काढून ८५ हॉर्सपॉवरचं बसवलेलं दिसतं, आणि ते बसवलेलंच बरं. इंजिन बंद पडलं तर मूळ कबसारखं तरंगत तरंगत शेतात उतरण्याची चैन या विमानात नाही, हे विकत घेण्याआधीच डोक्यात ठेवावं.

कुठे कापतात

बघणाऱ्याला वाटतं टोकं कापली असतील. रीड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या पद्धतीत पंख कापतात ते मुळाकडून, म्हणजे जिथे तो बॉडीला जोडला जातो तिथून, प्रत्येक बाजूला सुमारे ४० इंच. टोकाचा गोल आकार तसाच राहतो आणि एलरॉन, म्हणजे विमान कलवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला असलेले हलणारे भाग, पूर्ण लांबीचे राहतात, म्हणजे आखूड झालेल्या पंखात एलरॉनचा वाटा वाढतो, हाही रोल जोरात होण्याचा मोठा भाग. मूळ कबमध्ये पेट्रोलची टाकी पंखात नसून नाकात असल्यामुळे मुळाकडचा भाग काढणं सोपं जातं. पंख आत सरकला म्हणजे स्ट्रटची, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या दांड्यांची, जागाही आत आली, त्यामुळे खालचे तिरपे स्ट्रटही आखूड करावे लागतात आणि एलरॉनच्या केबलही नव्या मापाच्या कराव्या लागतात. स्पारच्या कापलेल्या टोकाला जोडणीची फिटिंग पुन्हा बसवतात, आणि रिस्टोरेशन करताना सगळ्यात आधी जिथे टॉर्च मारून बघायला पाहिजे ती जागा हीच. भोकं वेडीवाकडी पाडलेली, कडेला फार जवळ गेलेली, एकदा चुकून पुन्हा पाडलेली, असं काही दिसलं तर तो स्पार बाजूला ठेवायचा, तिथे डागडुजीचा विचारच करायचा नाही.

कापड उतरवल्यावर

विमानाची खरी अवस्था कापड काढल्यावरच कळते. बाहेरून चकाचक रंगवलेलं विमान घेतलं आणि आत शेपटीकडच्या खालच्या नळ्या गंजून कागद झालेल्या, असं सर्रास होतं. विमान शेपटी खाली टेकवून उभं राहतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी मागे जाऊन तिथेच साचतं. नळी टोकदार पंचने ठोकून बघतात, चांगली नळी खणखणीत वाजते आणि गंजलेली बद्द आवाज करते, कधी पंच सरळ आतच जातो. तेवढा तुकडा कापून क्रोमॉली नावाच्या मजबूत स्टीलची नवीन नळी आतून बाही देऊन वेल्ड करतात आणि मग नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवून निथळून घेतात, म्हणजे आतून गंज धरत नाही.

पंखाच्या स्ट्रटचा गंज त्याहून धोक्याचा, कारण तोही आतूनच लागतो आणि बाहेर रंग शाबूत दिसतो. स्ट्रट तुटला म्हणजे पंख गेला. म्हणूनच अमेरिकेच्या एफएए या सरकारी विमान वाहतूक संस्थेने पायपरच्या स्ट्रटची ठरावीक काळाने तपासणी करण्याची सक्ती केलेली आहे, आणि आतून कायमचे बंद केलेले नवीन स्ट्रट बसवले तर त्या कटकटीतून सुटका होते. कसरत करणाऱ्या विमानात पैसे वाचवायची ही जागाच नाही.

स्पार दोन प्रकारचे सापडतात, आधीच्या विमानांत स्प्रूस लाकडाचे आणि नंतरच्या विमानांत अॅल्युमिनियमचे. लाकडाच्या स्पारमध्ये शोधायची ती दबावाने पडलेली बारीक चीर, केसाएवढी, लाकडाच्या रेषांना आडवी, बहुतेक वेळा स्ट्रट जिथे लागतो त्याच्या आसपास. जुनं वार्निश खरवडून, भिंग लावून, उजेड तिरपा पाडून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. कसरतीच्या विमानाने चार-पाच दशकं लूप मारलेले असतात, कधीतरी कोणीतरी जमिनीवर पंखाचं टोकही घासलेलं असतं, आणि लॉगबुकात त्याची नोंद असेलच असं नाही. अॅल्युमिनियमच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, इतक्या नाजूक असतात की नुसत्या हाताळतानाही वाकतात.

यानंतर पंख चौकोनात आणणं, ज्याला ट्रॅमिंग म्हणतात, आणि या कामात घाई केली की ती आयुष्यभर भोवते. पंखाच्या आत दोन स्पारच्या मधल्या प्रत्येक चौकोनी खान्यात फुलीसारख्या तारा ताणलेल्या असतात. लांब दांडीवर सरकणारी दोन टोकदार पिनं लावलेलं मोजमापाचं साधन घ्यायचं, एका खान्याचा एक कर्ण त्यावर धरायचा, पिनं घट्ट करायची आणि तीच दांडी उचलून दुसऱ्या कर्णावर ठेवायची. पिन जर खुणेच्या बाजूला पडली तर एक तार सैल करा, दुसरी ताणा, पुन्हा मोजा. एक खाना जुळला की पुढचा, आणि पुढचा जुळेपर्यंत मागचा हललेला असतो. क्लिप विंगला खाने कमी असल्यामुळे काम थोडं कमी, पण मुळाकडचा खाना मूळ मापाचा राहिलेला नसल्यामुळे तिथे जुन्या ड्रॉइंगचं माप कामी येत नाही, प्रत्यक्ष मोजूनच घ्यावं लागतं.

कापड आणि शिवण

पूर्वी ग्रेड ए नावाचं सुती कापड वापरायचे आणि त्यावर डोप नावाचा पातळ लेप मारायचे, डोप सुकताना आकसतो आणि कापड ढोलकीसारखं ताणलं जातं. नवीन असताना त्या कापडाची ताकद एका इंच पट्टीला ८० पौंड धरतात, उन्हाने ती कमी होत जाते, त्यामुळे बाहेर उभ्या विमानाचं सुती कापड थोड्याच वर्षांत बदलावं लागायचं. आता सेकोनाइट किंवा पॉली-फायबरसारखं पॉलिएस्टर वापरतात. ते सांगाड्यावर चिकटवून इस्त्रीने आवळतात, आधी साधारण १२० अंश सेल्सिअसला आणि शेवटी १७५ च्या आसपास, त्याच्यावर गेलं की कापड उलट सैल पडतं. घरच्या इस्त्रीवरच्या आकड्यावर कोणी भरवसा ठेवत नाही, थर्मामीटर लावून इस्त्री आधी तपासून घेतात.

मग रिब स्टिचिंग. मेणाचा दोरा ओवलेली हातभर सुई पंखाच्या वरून आरपार खाली काढायची, रिबला वळसा घालून परत वर आणायची आणि ठरलेली गाठ मारायची, दर दोन-अडीच इंचांवर एक, प्रोपेलरची हवा जिथे लागते तिथे जास्त जवळ. दोघं असली तर एक वर आणि एक खाली असं काम चटकन होतं. कसरतीच्या विमानात वरच्या बाजूचं कापड ओढून काढायला हवा सतत जोर लावत असते आणि ते धरून ठेवणारी ही शिवणच असते, म्हणून गाठ चुकीची पडली तर ती उसवून परत मारतात. त्यावर कातरलेल्या कडांच्या पट्ट्या, मग अॅल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी थर, जो उन्हापासून कापड वाचवतो. हा थर पुरेसा झाला का ते बघायला हँगर अंधारा करून पंखाच्या आत बल्ब पेटवतात, कुठे उजेड झिरपताना दिसला तर तिथे अजून एक हात. पिवळा रंग सगळ्यात शेवटी, आणि तो पातळच बरा, कारण जाड रंगाचं वजन क्लिप विंगला चढताना जाणवतं.

हे कापडकाम आपल्याकडेही अनोळखी नाही. एचएएलचं पुष्पक, ज्याचं पहिलं उड्डाण १९५८ मध्ये झालं, तेही असंच नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, वर पंख असलेलं दोन सीटर विमान, अमेरिकन एरॉन्का चीफवर बेतलेलं, कॉन्टिनेंटलचंच ९० हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेलं. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे नामवंत अभ्यासक लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले मराठी शास्त्रज्ञ. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पुष्पकवर पिढ्या शिकल्या, आणि ते कापड ज्यांनी शिवलं, डोप केलं, त्या मेकॅनिकांचं ज्ञान कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

पुन्हा लांब करायचे का

क्लिप विंग कब विकत घेतली की काही जण लगेच म्हणतात, आता मूळ लांब पंख लावून टाका, कारखान्यातून निघालं तसं करा. सुट्या भागांची कमतरता नाही, त्यामुळे ते शक्यही आहे. पण ज्या विमानाने आयुष्यातला मोठा काळ आखूड पंखांनी कसरती केल्या, त्याचा तोच इतिहास आहे, आणि तो पुसून आणखी एक नेहमीची पिवळी कब तयार करण्यात काय मिळवलं हे कळत नाही. वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उड्वार-हेझी सेंटरमध्ये लिटल बुच नावाचं मोनोकूप जातीचं विमान आहे, तेही आखूड पंखांचं, ३२ फुटांऐवजी २३ फुटांचं. पायलट वुडी एडमंडसन यांनी १९४८ ची आंतरराष्ट्रीय एरोबॅटिक स्पर्धा त्यावर जिंकली. त्याला कोणी लांब पंख लावायला गेलं नाही. आखूड पंखांच्या टेलरक्राफ्ट विमानाचीही अशीच परंपरा आहे, कसरतपटू ड्वेन कोल यांनी वर्षानुवर्षं एअर शो त्यावर केले.

फक्त कागदपत्रं चोख हवीत. बदल मंजूर पद्धतीने झाला, त्याचा फॉर्म भरला गेला, पात्र मेकॅनिकने सही केली, हे सगळं विमानाच्या फाइलमध्ये सापडलं पाहिजे, नाहीतर उत्तम विमान हँगरमध्ये पडून राहतं.

पहिली उड्डाणं

पहिल्या उड्डाणात कसरत करत नाहीत. विमान सरळ सोडलं तर ते एका बाजूला कलतं का एवढंच बघायचं, आणि बहुतेक वेळा कलतंच. मग खाली उतरून जड वाटणाऱ्या बाजूच्या मागच्या स्ट्रटचा खालचा काटा सोडवायचा, आटे अर्धा-एक फेरा फिरवायचे, पंखाचा पीळ किंचित बदलतो, पुन्हा जोडायचं, पुन्हा उडवायचं. असं चार-पाच वेळा केल्यावर स्टिक सोडली तरी पंख सपाट राहतात. मग उंची घेऊन पहिला स्पिन, लूप आणि मग रोल. साध्या कार्ब्युरेटरवर विमान उलटं धरून ठेवता येत नाही, पेट्रोलची पातळी सांभाळणारा त्यातला फ्लोट वर जातो, पेट्रोल तुटतं आणि इंजिन खोकून गप्प होतं, म्हणून रोल थोडं नाक वर घेऊन गोल मारायचा, सीटवर वजन कायम राहील असा. नीट जमला तर इंजिनचा आवाज सबंध रोलभर जराही बदलत नाही.