मंगळ लाल, मग त्याची वाळू काळी कशी?

मध्यंतरी एका ग्रुपवर मंगळाचा फोटो फिरत होता. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे तिथे फिरणाऱ्या यांत्रिक गाडीने काढलेला, नमिब नावाच्या वाळूच्या टेकडीचा. खाली कुणीतरी ठोकून दिलेलं की फोटो फेक आहे, मंगळ लाल असतो आणि ही वाळू तर चक्क काळपट दिसतेय. त्यावर पन्नास लोकांचे अंगठे.

फोटो खरा आहे. मंगळावर लाल आहे ती मुख्यतः धूळ, म्हणजे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, त्यात गंजासारखं आयर्न ऑक्साइड, आणि ते सगळीकडे पातळ थर देऊन बसतं. वाळूचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा, साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर, तो वाऱ्याने टुणटुण उड्या मारत पुढे जातो, दुसऱ्या कणांवर आपटतो आणि त्यात अंगावरची धूळ झटकली जाते. म्हणून जिथे वाळू चालती आहे तिथे मंगळ काळा. डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने 1659 मध्ये दुर्बिणीतून बघून जो काळा डाग काढला होता तो सिर्टिस मेजर, म्हणजे बसाल्टचं पठार आणि त्याचीच वाळू. पुढे लोकांनी असल्या डागांना आधी समुद्र ठरवलं, मग झाडी, कारण ऋतूप्रमाणे डाग बदलतात म्हणजे पालवी फुटत असणार! बदलत होती फक्त धूळ, वारा कधी उडवून नेतो, कधी आणून टाकतो.

आपल्याकडे नदीची वाळू बहुतेक ठिकाणी फिकट असते कारण तिच्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, भरपूर. ग्रॅनाइटसारखे खडक झिजले की बाकीची खनिजं कुजून माती होतात, क्वार्ट्झ मात्र चिवट, ते उरतं. मंगळावर ग्रॅनाइट फारच कमी, तिथला मुख्य खडक बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आहे ना, त्याच कुळातला. लोणारचं विवर बसाल्टमध्ये झालेलं असल्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात ते याचसाठी.

पण "बसाल्टची वाळू" हे ढोबळ झालं. नेमकी कुठली खनिजं, किती? वरून फिरणारी यानं परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही लोह-मॅग्नेशियमवाली खनिजं ओळखतात, पण प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे फिकट खनिज त्या वर्णपटात जवळजवळ गप्प बसतं, आणि बसाल्टमध्ये तर ते भरपूर असतं. म्हणजे नुसत्या या परतलेल्या प्रकाशावरून हिशोब अर्धवटच.

इथे येतं माझं सगळ्यात लाडकं यंत्र, केमिन. क्युरिऑसिटीच्या पोटात बसवलेलं, एक्स-रे डिफ्रॅक्शन करणारं, आणि दुसऱ्या ग्रहावर हे पहिल्यांदाच झालं ते ऑक्टोबर 2012 मध्ये. गंमत म्हणजे स्फटिकातून एक्स-रे विखुरतात हा शोध 1912 चा, बरोबर शंभर वर्षं. तत्त्व असं: स्फटिकात अणू थराथराने रचलेले असतात. एक्स-रे तिरका आत गेला की खालच्या थरावरून परतणारी लाट वरच्या थरावरच्या लाटेपेक्षा थोडं जास्त अंतर कापून येते. हे जास्तीचं अंतर एका तरंगलांबीच्या पूर्ण पटीत भरलं तर लाटा एकमेकींना जोर देतात, नाहीतर मारून टाकतात. म्हणजे थरांमधल्या अंतराची दुप्पट गुणिले कोनाचा साइन बरोबर तरंगलांबीची पूर्ण पट, हाच तो ब्रॅगचा नियम, बारावीत पाठ केलेला. केमिनमध्ये कोबाल्टची एक्स-रे ट्यूब आहे, तरंगलांबी 1.79 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), ती माहीत, कोन मोजला, की अंतर आलं. आणि प्रत्येक खनिजाच्या अंतरांचा संच वेगळा.

आता अडचण. हे नीट व्हायला कण हरेक दिशेला तोंड करून असावे लागतात, म्हणून प्रयोगशाळेत नमुना अगदी बारीक दळतात. मंगळावर गिरणी कुठली! मग वाळू 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची, चिमूटभर एका चपट्या डबीत टाकायची आणि डबीच थरथरवायची. कण आत गोल गोल फिरतात, प्रत्येकाची प्रत्येक बाजू कधी ना कधी किरणासमोर येते. मापन रात्री चालतं, डिटेक्टर थंड लागतो म्हणून. मला हे भारीच वाटतं.

जानेवारी 2016 मध्ये बॅगनॉल्ड टेकड्यांमधून, म्हणजे नमिब जिथे आहे तिथूनच, गोबाबेब नावाचा नमुना उचलला. (बॅगनॉल्ड हे वाळवंटातल्या वाळूचं गणित मांडणारे ब्रिटिश लष्करी इंजिनियर.) निघालं प्लॅजिओक्लेज, ऑलिव्हिन, दोन प्रकारची पायरॉक्सिनं, थोडं मॅग्नेटाइट वगैरे. त्यातही ऑलिव्हिन बघा. त्यात मॅग्नेशियमच्या जागी लोह बसू शकतं, लोहाचा आयन जरा मोठा, त्यामुळे जाळी फुगते. शुद्ध मॅग्नेशियमच्या ऑलिव्हिनमध्ये ज्या थरांतलं अंतर 2.77 अँगस्ट्रॉम, ते शुद्ध लोहाच्यात 2.83. एवढ्याशा फरकावरून मॅग्नेशियम-लोहाचं प्रमाण काढता येतं, आणि क्युरिऑसिटी फिरतो त्याच गेल विवरातल्या रॉकनेस्ट नावाच्या जागेच्या वाळूत मॅग्नेशियमचा वाटा 62 टक्क्यांच्या आसपास आला. रसायन न करता, नुसतं अंतर मोजून!

जाता जाता, पत्रिकेत मंगळ कडक म्हणून पोवळं घालायला सांगतात. पोवळं म्हणजे समुद्री जीवांनी केलेलं कॅल्शियम कार्बोनेट, या वाळूच्या मुख्य खनिजांत त्याचा पत्ता नाही. मंगळाचा खडा हवाच असेल तर ऑलिव्हिनचाच रत्नप्रकार पेरिडॉट घ्या, निदान खनिज तरी जुळेल.

ऑलिव्हिन पाण्यात टिकत नाही, बसाल्टच्या खनिजांत तेच सगळ्यात आधी कुजतं. गेल विवरात कधीकाळी तळं होतं हे तिथल्या चिखलाच्या खडकांवरून कळलंय, पण आजची ही वाळू तयार झाल्यापासून फारशी भिजलेली नाही. "मंगळावर पाणी" छाप हेडलाइन वाचताना हे ध्यानात ठेवावं.

आणि एक भाग उरतोच. गोबाबेबच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश स्फटिक नाहीच, त्यात अणूंचे थर नाहीत म्हणून ठळक रेषाही नाहीत, आलेखात नुसता एक पसरट उंचवटा. त्याचा हिशोब वजाबाकीने करतात, दुसऱ्या उपकरणाने मोजलेली एकूण मूलद्रव्यं घ्यायची, त्यातून स्फटिकांचा वाटा काढायचा. ज्वालामुखीची काच, लोहाची बारीक ऑक्साइडं, असं बरंच काही त्या उरलेल्यात असू शकतं, आणि केमिन तिथे नाव सांगू शकत नाही.