बायबलमधलं गोणपाट तागाचं नव्हतं

बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या इशाऱ्यानंतर निनवे शहराचा राजा पश्चात्तापाने गोणपाट नेसून राखेत बसला, हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर धान्याचं तरट येतं. चित्रांत, नाटुकल्यांतही तेच दिसतं. हा समज चुकीचा आहे.

ताग बंगालचा, पोत्यांसाठी तो जगभर पोचला १९व्या शतकात. बायबलमधलं ‘साक’ (गोणपाटासाठीचा मूळ हिब्रू शब्द) म्हणजे शेळीच्या केसांचं, काळपट, अंगाला टोचणारं कापड. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात (६:१२) सूर्य ‘केसांच्या’ गोणपाटासारखा काळा झाल्याचं लिहिलंय. तपकिरी तरटाला ही उपमा लागूच पडत नाही. बेदुइनांचे काळे तंबू आजही शेळीच्या केसांचेच असतात. अशाच कापडाला रोमन लोक किलिकिया (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या) प्रांतावरून ‘किलिकियुम’ म्हणत.

मग गोंधळ का? कारण त्याच कापडाच्या धान्याच्या पिशव्याही होत. योसेफाच्या भावांच्या गोण्यांनाही बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात ‘साक’ हाच शब्द आहे. त्यामुळे ‘गोणपाट’ हे भाषांतर मला चूक वाटत नाही. धागा मात्र आपण आपल्या बाजारातला जोडला. आणि हे सोंग घेतल्यासारखं अंगभर पोतं नव्हे: मुलगा योसेफ मेला असं समजून याकोबाने ते कंबरेला गुंडाळलं होतं.