टपालशिक्क्यांचा संग्रह : ठाणे व नवी मुंबई

टपालशिक्क्यांचा संग्रह ही तिकीटसंग्रहाचीच शाखा, पण हिच्यात तिकिटापेक्षा त्यावर उमटलेल्या शिक्क्याला, आणि म्हणून अख्ख्या पाकिटाला मोल असते. नाशिकरोडला छापलेले तिकीट देशभर सारखेच. ते कुठल्या गावी आणि कोणत्या दिवशी वापरले गेले, हे शिक्क्यावरूनच कळते. तरीही या शाखेकडे फार थोडे संग्राहक वळतात. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजवून तिकीट सोडवायचे, वर्तमानपत्रावर वाळवून वहीत लावायचे, हेच घरोघरी शिकवले गेले. त्यात केवढा तरी स्थानिक इतिहास पाण्यात गेला.

रोजच्या वापरातल्या शिक्क्याच्या वर्तुळात टपाल कार्यालयाचे नाव आणि मध्ये तारीख असते. पाकिटाच्या पाठीवर अनेकदा पोचल्याचा शिक्काही सापडतो. पुढची तारीख आणि मागची तारीख ताडून पाहिली की पत्राला वाटेत किती दिवस लागले ते समजते. हातशिक्का घाईत मारलेला असतो, त्यामुळे अर्धे वर्तुळ तिकिटावर आणि अर्धे कागदावर उमटते. कोपरा कापला की नेमके गावाचे नाव तुटते.

ठाणे परिसर या छंदाला विशेष अनुकूल आहे, कारण इथली नावे आणि हद्दी पुन्हा पुन्हा बदलल्या. ब्रिटिश काळातल्या इंग्रजी शिक्क्यांवर ‘ठाणा’ असे नाव वाचायला मिळते. नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि खाडीपलीकडे ‘न्यू बॉम्बे’ उभे राहू लागले; तेच पुढे नवी मुंबई झाले. पनवेल आणि उरण १९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्यात होते, नंतर रायगड जिल्ह्यात. एकाच घरी आलेली पंधरा-वीस वर्षांची पत्रे ओळीने लावली, तर पत्त्यांतून आणि शिक्क्यांतून शहराचे हे नामांतर डोळ्यांसमोर उलगडते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तोही या मांडणीत दुभाजकासारखा उपयोगी पडतो. त्यातही इथे गंमत आहे. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, पण सीबीडी बेलापूर ४००६१४, म्हणजे ठाण्याच्या मालिकेत. शेजारचे पनवेल तर ४१०२०६. नगररचनेचा नकाशा आणि टपालाचा नकाशा वेगवेगळे आहेत, हे या आकड्यांवरून चटकन कळते.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्या घटनेच्या शताब्दीनिमित्त १९५३ मध्ये दोन आण्यांचे तिकीट निघाले. त्यावर जुने आणि नवे अशी दोन इंजिने आहेत. कोरे तिकीट आजही सहज मिळते. परंतु त्याच साली ठाण्यातून टाकलेल्या पत्रावर, ठाण्याच्या स्पष्ट शिक्क्यासह ते सापडले, तर अशा एका पाकिटासाठी कोऱ्या तिकिटांचे पानभर संच सोडायला हरकत नाही.

सुटे तिकीट किती अपुरे असते, हे निर्वासित मदत कराच्या तिकिटांत दिसते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा आकारले जात. छापील पुरवठा अपुरा पडल्याने अनेक ठिकाणी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर रबरी शिक्क्याने मजकूर उमटवून काम भागवले गेले. असा रबरी शिक्का कुणालाही नंतर बनवता येतो. म्हणून सुट्या तिकिटावर विश्वास ठेवणे कठीण. त्या काळातल्या तारखेचा शिक्का बसलेले अखंड पाकीट हाच भरवशाचा पुरावा.

कंपन्यांच्या फ्रँकिंग यंत्राचे (तिकिटाऐवजी टपालखर्चाचा ठसा उमटवणाऱ्या यंत्राचे) लाल ठसे, नॉटपेड म्हणजे तिकीट न लावलेल्या किंवा कमी लावलेल्या पत्रांवरचे दंडाचे शिक्के हेही याच संग्रहात येतात. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची जुनी पाकिटे त्यासाठी पाहावीत. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, त्यामुळे क्रमांक आणि कार्यालयाचे नाव असलेली रजिस्टरची छोटी चिठ्ठीही आता जपण्याजोगी झाली आहे.

खाडीकाठच्या दमट हवेत कागदाला बुरशी आणि कसर लवकर लागते. पाकिटे लॅमिनेट करू नयेत, सेलोटेप लावू नये. आम्लविरहित कागदात उभी ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी सावलीत हवा द्यावी. पाकीट कोणाच्या माळ्यावरून किंवा कोणत्या रद्दीतून मिळाले, ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने त्याच दिवशी लिहून ठेवावे.