माफीच्या साक्षीदाराची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात 'दक्षता'चे जुने अंक पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले असत. पाठीवर निळ्या शाईनं साल घातलेलं. कादंबरी घरी नेता यायची, पण हे गठ्ठे नाही. "इथंच बसून वाच. घरी गेलं की पानं कमी होऊन येतेत," ग्रंथपाल मामा सांगायचे. बरीच वर्षं ते गठ्ठे चाळल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आरोपी कबूल होतो, ती पानं खालच्या कोपऱ्याला बोटं लागून काळी पडलेली असत. कोर्टानं काय केलं, हे शेवटच्या चार ओळींत असे, आणि ते पान बहुधा स्वच्छ.

'दक्षता' हे महाराष्ट्र पोलिसांचं मासिक. आपल्याकडे खऱ्या गुन्ह्यांच्या कथा वाचायची सवय ज्यांनी लावली त्यांत त्याचा वाटा मोठा. प्रेत सापडतं, ओळख पटत नाही, धोब्याची खूण किंवा एसटीचं तिकीट मिळतं आणि फौजदार चार जिल्हे पालथे घालतात. बाबूराव अर्णाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी आधीच्या पिढीला ज्या वळणाची चटक लावली होती, तेच वळण इथं होतं. फरक एवढाच की आता गावाचं नाव खरं होतं. शिवाय मासिक सरकारी, त्यामुळे घरात उघड वाचलं तरी कोणी ओरडत नसे. कटिंगच्या दुकानातल्या 'पोलीस टाइम्स'ला ती इभ्रत नव्हती. नंबर लागेपर्यंत सगळे तोच वाचायचे, आणि खुर्चीवर बसताना उलटा घालून ठेवायचे.

औरंगाबाद, जालना, परभणीच्या स्टेशनांवर हिंदी मासिकंही मिळत. निजामी राजवटीमुळे उर्दू-हिंदी कानाला परकी नव्हती, म्हणून 'मनोहर कहानियाँ' आमच्याकडे सहज खपायचं. त्याच प्रकाशनाचं दुसरं मासिक होतं 'सत्यकथा', खून-दरोड्यांच्या खऱ्या हकिकतींचं. मराठीत 'सत्यकथा' म्हणजे 'मौज' प्रकाशनाचं, नवकथेचं आणि नवकवितेचं मासिक. मी कॉलेजात असताना मराठीच्या सरांनी 'सत्यकथा' वाचायला सांगितली आणि एका मित्रानं स्टेशनवरून भलतीच आणली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, हे वेगळं सांगायला नको.

पण या वाचनाचं मूळ मराठवाड्यात फार मागं जातं, तेही एका इंग्रज माणसापाशी. फिलिप मेडोज टेलर १८२४ साली, ऐन पोरवयात, निजामाच्या फौजेत लागला. वाटसरूंना गळा आवळून मारून लुटणाऱ्या ठगांचा बंदोबस्त करण्याची मोहीम तेव्हा जोरात होती. उत्तरेत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं जी पद्धत बसवली तीच निजामाच्या मुलुखातही वापरली गेली. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यायचं, त्याच्याकडून साथीदारांची नावं घ्यायची आणि प्रेतं पुरलेल्या जागा दाखवून घ्यायच्या. माफीचा साक्षीदार. १८३६च्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला. मग टोळीत कोण होतं हे सांगणाऱ्याच्या जिभेला केवढी किंमत आली असेल!

असे जबाब ऐकलेल्या टेलरनं १८३९ साली लंडनला कादंबरी छापली, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. तिच्यात अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार एका साहेबाला आपली कहाणी सांगतो. सातशे एकोणीस खुनांचा हिशेब तो असा देतो की आणखी थोडे दिवस मोकळा राहिलो असतो तर हजार भरले असते, याचीच त्याला हळहळ. पुस्तक विलायतेत तुफान चाललं. कादंबरीच ती, पण लोकांनी ती खरी हकिकत म्हणून वाचली, आणि गुन्हेगारानं स्वतःच्या तोंडानं, थंडपणानं सांगायचं हा साचा पक्का झाला. पुढे १८५३ साली निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला तेव्हा तिथला कारभार याच टेलरकडे आला. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल बघायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

त्या जबाबांवर इतिहासकार आजही भांडतात. जीव वाचवायला माणूस साहेबाला हवं तेच सांगणार, असं काहींचं म्हणणं. दुसरे म्हणतात, पण त्यानं दाखवलेल्या जागी हाडं निघाली त्याचं काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की कायद्याला हा साक्षीदार कायम संशयित वाटत आला. आपल्या पुरावा कायद्यानं म्हटलंच होतं की गुन्ह्यातल्या साथीदाराचा शब्द, दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत, विश्वासाला अपात्र धरता येतो. वाचकाचं बरोबर उलटं. त्याला सगळ्यात खरा वाटतो तो हाच. आत होता ना तो!

याचा कस लागला मानवतला. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात एकामागून एक मुली आणि बायका मारल्या गेल्या. साल बघा, बहात्तरचा दुष्काळ. माणसं खडी फोडायला दूरदूर जायची, घरात लेकरांवर नजर ठेवायला कोणी नसायचं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे कारण होतं गुप्तधन आणि मूल होण्याची आस, आणि मधे पिंपळावरचा मुंजा. जिल्ह्याला छडा लागेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ साली मुंबईत माणसं मारत सुटलेल्या रामन राघवचा तपास ज्यांच्या हाताखाली झाला, तेच. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या तपासांवर लिहिलंही.

माझी मावशी तेव्हा पाथरीला होती. दिवेलागणीनंतर पोरींना परसाकडेसुद्धा एकटं सोडत नसत, असं ती सांगायची. "लेकराच्या हातात तांब्या दिसला की मागं माणूस गेलाच पाहिजे." तिला पेपर वाचता येत नव्हता. पण खटल्यातला कोणता जबाब कोणी दिला, हे तिला तोंडपाठ होतं. बाजाराच्या दिवशी ऐकलेलं संध्याकाळी ओट्यावर पुन्हा सांगितलं जायचं, आणि सांगणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या. २०१० साली अमेरिकेत विकरी आणि फ्रेली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास करून दाखवलं की अशी पुस्तकं पुरुषांपेक्षा बायका जास्त पसंत करतात, त्यातही बळी पडलेली बाई कशी निसटली याची युक्ती असेल तर अधिकच. मला मावशी आठवली. तिच्या सांगण्यात खुनाचं वर्णन एका वाक्यात संपायचं. पोरीला कोणी, काय सांगून नेलं, यावर मात्र ती पाऊण तास घ्यायची.

म्हणून 'लोकांना रक्ताची चटक असते' हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. चटक असते, नाही असं नाही. मी स्वतः ती काळी पानं आणखी काळी केलेली आहेत. पण लहान गावात 'कोणी केलं' याची कुजबुज पोलिसांच्या आधीच सुरू झालेली असते. लोकांना ऐकायचं असतं की रोज रामराम घालणाऱ्या माणसानं हे केलं कसं, आणि आपल्याला दिसलं कसं नाही. त्याचं उत्तर फक्त आतला माणूस देऊ शकतो, म्हणून त्याची कबुली.

मानवतचा खटलाही मोठ्या प्रमाणात अशाच आतल्या माणसांच्या सांगण्यावर उभा होता. १९७७ साली 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आज वकील तो दोन मुद्द्यांसाठी काढतात. एक, साथीदाराच्या साक्षीवर कुठवर विसंबायचं. दुसरा, शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं तर काय करायचं. शिक्षेबद्दल आरोपीला ऐकून घेण्याची तरतूद १९७४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत आली होती. न्यायालयानं सांगितलं, खालच्या कोर्टात ते राहिलं असेल तर वरचं कोर्ट ती संधी देऊन चूक दुरुस्त करू शकतं. वाचायला हा निकाल रूक्ष आहे. कोण कुठं उभा होता, कोणी काय पाहिलं, दुजोरा कशाचा, असं एकेका आरोपीचं तोलमाप. सुरुवातीला दोषी ठरलेले सगळेच शेवटपर्यंत दोषी राहिले नाहीत. गावच्या ओट्यावरच्या निकालात मात्र सुटका कोणाचीच झाली नव्हती. मावशीपुढं मी एकदा हे काढलं तर ती म्हणाली, "कोर्टाला काय कळतंय? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की."

नरबळी आणि गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांविरुद्ध वेगळा कायदा यायला महाराष्ट्रात २०१३ साल उजाडावं लागलं, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. मानवतच्या प्रकरणावर २०२४ साली वेब मालिका आली. आमच्याकडे ती घराघरात मोबाईलवर बघितली गेली. कोणतं दृश्य खरं, कोणतं बनवलेलं, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या.

माझा एक वर्गमित्र मूळ मानवतचा. तो जन्मला तेव्हा खटला संपून गेला होता. पुण्यात नोकरीला लागला तेव्हा गाव कोणतं विचारलं की तो सरळ सांगायचा, आणि समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. आता तो नाव घेत नाही. रेल्वेनं आलात तर सेलू आणि परभणीच्या मधलं, एवढंच सांगतो.