झेंडूची कॅप्सूल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकला गोदाकाठी झेंडूचे ढीग लागतात. तोरणापुरता झेंडू घेऊन आपण पुढे होतो. त्या पाकळ्यांना रंग देणारं ल्युटीन आपल्या डोळ्याच्या पडद्यातही असतं, आणि औषधाच्या दुकानातल्या ल्युटीनच्या कॅप्सूलमधला माल बहुतेक झेंडूतूनच काढलेला असतो.

पडद्याच्या मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचा पीतबिंदू असतो. वाचायचं, सुईत दोरा ओवायचा, समोरचा चेहरा ओळखायचा तो त्याच्याच जोरावर. तिथे साठणारं ल्युटीन शरीराला बनवता येत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. उतारवयात पडद्याखाली पिवळसर साका धरतो आणि काहींचा पीतबिंदू झिजू लागतो. मग सरळ रेघा वाकड्या दिसतात. माझ्या मावशीनं दाराची चौकट वाकडी बसवली म्हणून आधी सुतारालाच बोल लावला होता!

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं पीतबिंदू झिजण्याच्या या आजारावर जीवनसत्त्वं आणि जस्ताचं मिश्रण तपासलं. २००१ साली निकाल आला: आजार मधल्या टप्प्यात असलेल्यांमध्ये तो पाच वर्षांत बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. आजार नसलेल्यांना किंवा अगदी सुरुवातीला असलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. जाहिरातींना हे वाक्य आवडत नाही.

त्या मिश्रणात गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन होतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो हे इतर चाचण्यांत दिसलं होतं. म्हणून त्याच संस्थेच्या डॉ. एमिली च्यू यांच्या नेतृत्वाखाली ४,२०३ जणांवर दुसरी चाचणी झाली. २०१३चा निकाल: बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन आणि त्याचं भावंड झिआझँथिन घालणं अधिक सुरक्षित. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३नं काही साधलं नाही. मला सगळ्यात बोलकी वाटते ती वेगळीच नोंद. ज्यांच्या जेवणात ही द्रव्यं सगळ्यात कमी होती, त्यांनाच ल्युटीनचा ठळक लाभ झाला, आजार बळावण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटला.

म्हणजे मेथी-पालक रोज खाणाऱ्याला कॅप्सूल काय देणार? भाजीवर तेलाची फोडणी मात्र हवी, कारण ल्युटीन स्निग्धात विरघळतं. अंड्याच्या बलकातलं तर आणखी सहज शोषलं जातं. मिश्रणातलं ८० मिलिग्रॅम जस्त रोजच्या गरजेच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे ते आपल्या मनानं सुरू करू नये.

मावशी आता रोज सकाळी एकेक डोळा झाकून चौकट बघते. दोन्ही उघडे ठेवले, की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो.